कोल्का

पहाटे तीनला बाबांनी काठीने माझी चटई ठोकली.
चहा नाही, दिवा नाही.
"डोळ्यांना आधी अंधार पाजावा लागतो," म्हणाले
आणि वायराकुंकाच्या चढाला लागले
मोतीबिंदूचे दोन डोळे घेऊन, माझ्या पुढे.

वाटेत गवतावर आमचे बटाटे पसरलेले,
जूनचं हिंव अंगात मुरवत.
दोन दिवसांनी आम्ही ते पायांनी तुडवू, पाणी काढू,
खडे होईस्तोवर वाळवू.
एकावर माझा पाय घसरला. "सांभाळून," बाबा म्हणाले,
मला की बटाट्याला, कळलं नाही.

माथ्यावर सेनोबियाकाकू आधीच बसलेली,
तिचा ताडेओ घोंगडीत, फक्त नाक बाहेर.
कुणी कुणाला रामराम केल्यासारखं काही केलं नाही.
सगळी तोंडं ईशान्येकडे,
जिथं डोंगराच्या कडेवरून
कोल्का वर येत होती:
आभाळाची कणगी,
कृत्तिकांची ती मूठभर रास.

"किती?" बाबांनी विचारलं.
"सात," मी म्हणाले. मग, "सहा."
"मोजू नकोस. बघ."

मी बघत राहिले.
बोटं गेली, मग कान गेले,
मग थंडीसुद्धा कुठं तरी बाजूला जाऊन बसली.
तारे टिंबांसारखे नव्हतेच.
खालचा एक येत होता, जात होता,
दुधावर साय धरावी तसं
काही तरी त्यांच्यावर धरत होतं.
ढग म्हणावं तर ढग नव्हे.
"साय," मी म्हणाले, इतकंच.

सेनोबियाकाकूनं नाक ओढलं.
म्हणजे पाऊस उशिरा. म्हणजे पेरा मागे.

रुफिनोनं आरेकिपाहून पाठवलेला फोन माझ्या खिशात होता.
त्यात ढगाचं चित्र आणि शेजारी टक्के.
तो काढावासा वाटला नाही,
फोनवर राग होता म्हणून नव्हे;
उजेडानं ताडेओ जागा झाला असता.

उतरताना मी विचारलंच:
"बाबा, तुम्हाला दिसतं का अजून?"
"चार वर्षं नाही."
"मग दरवर्षी कसं सांगता?"
काठी दोन दगड पुढे गेली, थांबली.
"तू सात म्हणालीस, मग सहा.
मधला दम केवढा होता, ते ऐकलं.
सेनोबिया मंत्र पुटपुटायची थांबली, ते ऐकलं.
स्वच्छ वर्षी माणसं लगेच बोलतात."

सप्टेंबरात टिटवीनं घरटं घातलं
आमच्या वरच्या रानात, वरंब्याच्या अगदी माथ्यावर.
चार अंडी, चिखलाचे शिंतोडे उडाल्यासारखी.
मी धावत घरी आले:
वर घातलंय, म्हणजे पाणी उदंड!
मग कोल्का खोटी, की टिटवी?

बाबा लामाच्या दोराला पीळ घालत होते.
"टिटवीनं तिच्या पिल्लांपुरतं पाहिलं," म्हणाले.
"तू अंडी मोजलीस?"
"चार."
"हात नाही ना लावलास?"
"नाही."
"मग झालं."
यात माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठं होतं,
मी अजून शोधते आहे.

आम्ही खालचं वावर लवकर लावलं,
मधलं नेहमीच्या वेळी,
वरचं तसंच ठेवलं, टिटवीपुरतं.
सेनोबियाकाकू हसली, म्हणाली,
इलारिओनला कुणालाच दुखवायचं नसतं.

ऑक्टोबरच्या एका रात्री ओढ्यापलीकडे
कोल्हा ओरडला.
एकदा. मग घशात काही अडकल्यासारखा
अर्ध्यावरच तुटला.
घशात अडकलं तर पीक चांगलं, असं म्हणतात;
पण तो अडकला होता
की नुसता दमला होता?

बाबांनी बोट वर केलं: थांब.
मी हातातलं भांडं होतं तसंच धरलं.
कोल्हा पुन्हा ओरडला नाही.
चुलीत एक शेणी बसकली.
दूर कुठं तरी पाण्यानं
एक दगड बदलला.

बोट अजून वरच होतं.